शिवलेलं पान

तट्, असा दोरा तुटल्याचा आवाज झाला आणि आमच्या घरातली दुपार जागी झाली.

खरं तर किती लहान आवाज तो. पण त्या दिवशी अब्बांचं पिंजण बंद होतं. आम्ही पिंजारी. सकाळी डोळे उघडायचे तेच पिंजणाच्या टंण् टंण् आवाजानं. दुसऱ्या दिवशी घरात बीबींची सहनक होती, कापूस उडायला नको म्हणून अब्बांनी धनुकली खुंटीला टांगली होती, आणि घर असं गप्प झालं होतं, की उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारे कापसाचे तंतूसुद्धा दबकत खाली येतायत असं वाटे.

अम्मानं रजईवरून मान वर केली. "काय तोडलंस?"

मी वही पाठीमागे नेली. ब्लेड मात्र हातातच राहिलं.

"मुनीरा, काय तोडलंस?"

"एकच टाका तुटलाय."

"एक टाका तुटला की रांग सुटते. कुणाच्या घरात वाढलीस तू?" अम्माचा आवाज चढत नसे. तो खाली जायचा, आणि तेव्हाच भीती वाटायची. "आण इकडं."

मी वही तिच्या मांडीवर ठेवली. तपकिरी पुठ्ठ्याची जुनी शाळेची वही, हिरव्या फडक्यात गुंडाळलेली. तिच्यात बीबी फातिमांची कहाणी मराठीत लिहिली होती, कारण परांड्याच्या आमच्या गल्लीत बायकांना उर्दू बोलता यायचं, वाचता कुणालाच यायचं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका जमायच्या, कोऱ्या मातीच्या ताटात दही-साखर-तुपाचा भात मांडायच्या, त्यावर लाल ओढणी झाकायच्या, आणि ओढणी उचलण्याआधी कुणीतरी ही कहाणी वाचायचं. त्या ताटालाच सहनक म्हणत. इतकी वर्षं हलीमाबी वाचायच्या. त्यांच्या डोळ्यांत फूल पडलं आणि फुपीनं, अब्बांच्या थोरल्या बहिणीनं, वही माझ्या हातात दिली.

"आठवीत आहेस ना? मग अडखळू नकोस. हात धुऊन धर," फुपी म्हणाली होती. "आणि मधे एक पान शिवलंय, ते सोडायचं. चुकीचं लिहिलं गेलंय ते."

तेरा वर्षांच्या मुलीला असं सांगू नये. दोन पानं समोरासमोर धरून तिन्ही कडांनी लाल धावदोरा घातलेला, आणि आत काहीतरी आहे हे बोटाला कळत होतं. मी फक्त कोपरा किलकिला करून बघणार होते.

अम्मानं शिवण बोटानं चाचपली. एक टाका म्हणाले होते मी. वरची अख्खी कड सुटली होती.

"आता शिवावं लागेल," ती म्हणाली. सुई घेण्यासाठी तिचा हात उशीकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं माजघराकडं पाहिलं. फुपी जैनबचाचीबरोबर कुंभाराकडं ताटं आणायला गेली होती. रेहानाबाजी, आमची नवरी, हळदीच्या पिवळ्या कपड्यांत आत झोपली होती.

"सुटलंच आहे," अम्मा हळूच म्हणाली, "तर वाच. काय चुकलंय बघू."

अम्माला वाचता येत नव्हतं, हे मी इथंच सांगते. तिला टाके वाचता यायचे. कुठलीही रजई उलटी करून ती सांगायची, ही कुणाच्या हातची, शिवताना बाई दमली होती का भांडून बसली होती.

सुटलेल्या कडेतून पानं फाकवून, आत डोकावत मी वाचायला लागले. अक्षर ठसठशीत होतं, ओळ कुठं वाकडी नव्हती.

'बीबी फातिमांची कहाणी त्यांच्या अम्माजानपासून सुरू होते. मक्का शहरात बीबी खदीजा राहत. त्यांच्या मालाचे तांडे दूर शाम मुलखापर्यंत जात. त्या दोनदा विधवा झाल्या होत्या, पदरी मुलं होती. मोठ्या मोठ्या घरांतून मागण्या आल्या, त्यांनी नाही म्हटलं. मग त्यांनी एक सच्चा माणूस पाहिला, आणि मैत्रिणीच्या तोंडून स्वतःच निरोप धाडला. तेच आपले हुजूर, पैगंबरसाहेब.

पुढं एके दिवशी हुजूर डोंगरावरून थरथरत घरी आले. म्हणाले, मला पांघरूण घाला. बीबींनी पांघरूण घातलं. म्हणाल्या, अल्ला तुम्हाला कधी खाली पाहायला लावणार नाही. तुम्ही नाती जोडता, दुबळ्याचं ओझं उचलता, पाहुण्याला घास देता. जगानं विश्वास ठेवण्याआधी त्या बाईनं ठेवला.'

"थांब," अम्मा म्हणाली.

मी थांबले. तिचे डोळे माझ्याकडं नव्हते. मांडीवरच्या अर्धवट रजईवर तिचा पंजा पसरलेला होता.

"कसलं पांघरूण होतं, लिहिलंय का?"

"नाही."

"लोकरीचं असेल. तिकडं कापूस कुठला." मग म्हणाली, "वाळूच्या मुलखात थंडी वाईट असते म्हणतात. आणि माणूस आतून थरथरत असला, की नुसतं अंगावर टाकून भागत नाही. कडा दाबाव्या लागतात." तिनं रजईची कड दाबून दाखवली, जणू तिथं कुणी निजलेलं होतं.

मला ते अजून दिसतं. बाहेर ऊन, आत ती, आणि तिच्या हाताखाली कुणीतरी हळूहळू शांत होतंय.

"पुढं?"

'आता माझा एक प्रश्न आहे. बीबी फातिमांच्या अम्माजान आज या ताटाशी आल्या, तर त्यांना कोण उठवील?'

हे वाचून मला इतका आनंद झाला, की मी वहीच खाली ठेवली. तो का झाला ते सांगितलं पाहिजे. सहनकेचा नियम असा, की ताटाशी पुरुषाची सावली पडू द्यायची नाही. बायकांतही कुमारी बसतील, सवाष्ण बसेल, विधवा बसेल, पण जिनं दुसरा निकाह केला ती बसणार नाही. अम्माचा पहिला नवरा, म्हणजे माझे जन्मदाते वडील, मी पोटात असताना वारले. एक वर्षाच्या मला कडेवर घेऊन ती या घरात आली, तेव्हा अब्बांची रेहाना सहा वर्षांची होती, आई गेल्यापासून अंगठा चोखत झोपणारी. अम्मानं तिला वाढवलं, न्हाऊ घातलं, केस विंचरले, तिच्या तापात रात्री काढल्या. आणि आता तिच्याच लग्नाच्या सहनकेचा भात अम्मा मागच्या ओसरीत रांधणार होती आणि ओसरीतच बसणार होती.

त्यातही एक गोष्ट रेहानाबाजीला लागली होती. सहनकेत कुणीही पहिला घास आपल्या हातानं घ्यायचा नाही, दुसरीनं भरवायचा. नवरीला आई भरवते. बाजीला फुपी भरवणार असं ठरलं, तेव्हा बाजी म्हणाली होती, "अम्मानं भरवलं नाही तर मी तोंड उघडणार नाही."

"मग उपाशी जा सासरी," फुपी म्हणाली होती. "चांगलं दिसेल. म्हणतील, पिंजाऱ्यांनी पोरीच्या पोटातसुद्धा कापूसच भरून पाठवला."

सगळ्या हसल्या. बाजी हसली नाही.

"अम्मा, उद्या मी हे पान वाचते," मी म्हणाले. "मग तुला कोण उठवतंय बघू."

अम्मा म्हणाली, "बीबी खदीजांचं मला माहीत होतं गं. सगळ्यांनाच माहीत आहे. लहानपणी ऐकलंय. पण या ताटाच्या शेजारी ठेवून कधी बघितलंच नाही." ती एकदम हसली, अगदी लहान मुलीसारखी. "बघ की. भात रांधायची अक्कल आहे, एवढी अक्कल नाही."

"म्हणजे वाचू ना?"

"संपलं का पान?"

"खाली बारीक अक्षरात आहे. 'उत्तराची वाट पाहीन. दस्तगीर.'"

दस्तगीर मास्तर. ही वही त्यांनीच लिहून दिली होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मराठी शाळेत शिकवायचे, गल्लीच्या टोकाच्या खोलीत एकटेच राहायचे. मी पाच वर्षांची असताना वारले. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, पण तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी फुपीनं काही खाल्लं नाही. "रोजा आहे," म्हणाली. रमजान नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "मन्नतीचा आहे."

मला वाटलं, मास्तरच ते, धड्याखाली प्रश्न घालायची सवय असणार.

अम्मानं मात्र वही माझ्या हातातून घेतली. सुटलेली कड सोडून उरलेल्या दोन कडांचे टाके तिनं उजेडात धरले. बोटानं एकेक टाका मोजावा तशी ती खालपर्यंत गेली.

"डावऱ्या हाताचा टाका आहे," ती म्हणाली.

आमच्या घरात डावरी एकच होती.

"फुपीनं शिवलंय?" मी म्हणाले. "चुकलेलं होतं म्हणून?"

अम्मा उठली, दाराबाहेर डोकावून आली, दाराला कडी घातली. डब्यातून लाल दोरा काढला. तो फार लाल होता, जुना विटून मातकट झालेला. तिनं सकाळच्या चहाचा चोथा वाटीत पिळला, दोऱ्याचा तुकडा त्यात बुडवला आणि उन्हात धरला. मग सुई डाव्या हातात घेतली.

मी बघतच राहिले. परांड्यात अम्मासारखी टाका घालणारी बाई नव्हती, आणि ती पहिल्यांदा सुई धरणाऱ्या पोरीसारखी चाचपडत होती. दोनदा बोटात घुसली. पण जुन्या भोकातून, त्याच तिरप्या वळणानं, एकेक टाका ती परत घालत गेली.

"अम्मा, पण का? तुझ्याच बाजूचं लिहिलंय त्यात."

"म्हणूनच."

"मी वाचणार आहे."

"ऐक." तिनं दोरा दातानं तोडला. "तू वाचलंस तर मला बसायला मिळेल, खरं आहे. पण ते पान का शिवलं होतं, हे उघडं पडलं की आपांना उठावं लागेल. चाळीस वर्षं त्या ताटाशी बसतायत. त्यांच्याकडं दुसरं काय आहे? मला तुम्ही दोघी आहात."

"फुपीला का उठावं लागेल? ती तर विधवा आहे, दुसरा निकाह कुठं केलाय तिनं?"

अम्मानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतात.

"पान सोडायचं," ती म्हणाली. "कसम घे."

मी कसम घेतली नाही. ओठ हलवले फक्त.

सकाळी उजाडायच्या आत अम्मा मागच्या ओसरीत चुलीपुढं होती. मी उठले तेव्हा भाताची वाफ आणि तुपाचा वास माजघरापर्यंत आला होता. अब्बा आणि इतर पुरुष मशिदीकडं निघून गेले. माजघर आणि ओसरी यांच्यामध्ये अब्बांनी जाडा पडदा बांधला होता. कितीही झाडलं तरी आमच्या घरात कापूस निघायचाच. खिडकीतून ऊन आलं की तो दिसायचा, आणि त्या दिवशी बायकांच्या डोक्यांवरून तो असा सावकाश हिंडत होता, की सगळं पाण्याखाली चाललंय असं मला वाटत होतं.

अकरा बायका जमल्या. मधे पाच मातीची ताटं, लाल ओढणीखाली. ताटाच्या वरच्या अंगाला फुपी. पांढरी ओढणी, हातात एकही बांगडी नाही, पाठ ताठ. वीस वर्षांची असताना नवरा विहिरीत कोसळून गेला, तेव्हापासून ती माहेरी होती. अब्बांना तिनंच वाढवलं. परांड्यात एखाद्या मुलीला सबुरी शिकवायची असली, की दौलतबीचं नाव घ्यायचे.

"भाताचा वास बघा काय सुटलाय," जैनबचाची पडद्यामागच्या अम्माकडं मान करत म्हणाली. "सफूराचा हातच तसा. हात द्यायचा तेवढा अल्लानं दिला, बाकीचं..."

"बाकीचं काय, चाची?" रेहानाबाजीनं विचारलं.

"काही नाही गं. नवरीनं बोलू नये."

"मग तुम्ही बोला. तुमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली."

कुणीतरी फिसकन हसलं. फुपी म्हणाली, "जैनब, भात तोंडात पडेपर्यंत तोंडाला कुलूप लाव. मुनीरा, वाच."

मी वाचायला लागले. बीबी फातिमांच्या हातांना जात्यानं घट्टे पडले होते आणि पाठीवर पाण्याच्या मशकीचा वळ होता. घरात निजायला एकच मेंढ्याचं कातडं होतं. तीन दिवस रोजे धरले, आणि तिन्ही संध्याकाळी रोजा सोडताना दाराशी कुणी ना कुणी आलं, एकदा गरीब, एकदा अनाथ, एकदा कैदी. तिन्ही वेळा बीबींनी पुढ्यातली जवाची भाकर उचलून दिली आणि पाण्यावर रोजा सोडला. बायका मान डोलावत होत्या. हलीमाबी न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या, त्यांना सगळं पाठ होतं.

पान उलटलं आणि शिवलेलं पान आलं.

मी थांबले. टाके उसवायची गरजच नव्हती. रात्रभर अंथरुणात मी ते पान घोकलं होतं. 'बीबी फातिमांची कहाणी त्यांच्या अम्माजानपासून सुरू होते', एवढं म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं. जिभेवर होतं ते. मी रेहानाबाजीकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघत होती. पडद्यापलीकडं अम्माचा पळा भांड्याच्या काठावर टेकल्याचा आवाज झाला. ती हलायची थांबली होती. ऐकत होती.

"अडखळायचं नाही म्हटलं होतं," फुपी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

माझ्या डोळ्यांपुढं अम्माचा डावा हात आला, चाचपडणारा. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला लागले. कहाणी संपली. मी काय वाचलं ते मला कळलं नाही.

वही मी फुपीकडं दिली. रिवाजाप्रमाणं तिनं ती ओठांना लावली, डोळ्यांना लावायला उचलली, आणि हात मधेच थांबला. तिनं परत वही नाकाजवळ नेली.

"चहा सांडलास का गं?"

"नाही, फुपी."

तिचा अंगठा पानाच्या कडेवरून हळूहळू फिरला. वरून खाली. मी जमिनीकडं बघत होते. ती माझ्याकडं झुकली आणि फक्त मला ऐकू येईल इतकं हळू बोलली.

"सगळं वाचलंस?"

"हो."

"आणि आत्ता वाचलं नाहीस."

"अम्मा नको म्हणाली."

"तिनं ऐकलंय?"

"हो."

"काय म्हणाली?"

जे तोंडाला आलं ते म्हणाले. "म्हणाली, आपांना उठावं लागेल."

फुपी सरळ बसली. एक कापसाचा तंतू खिडकीपासून निघाला आणि तिच्या पांढऱ्या ओढणीवर येऊन बसला, तो मी पूर्ण पाहिला. मग तिनं ताटांवरची लाल ओढणी उचलली, मधलं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि उठली.

"आपा, ताट कुठं?" जैनबचाची म्हणाली. "उघड्यावर नेत नाहीत."

फुपीनं पडदा खांद्यानं बाजूला केला. बाहेरचं ऊन एकदम आत आलं. चुलीपुढं अम्मा बसलेली होती. हाताला पीठ नाही की काही नाही, नुसती बसलेली, आणि फुपीला बघून घाईनं उठायला गेली.

"बस," फुपी म्हणाली. ताट तिच्यापुढं ठेवलं. "माझ्या हाताला आज कंप आहे. नवरीच्या कपड्यावर भात सांडेल. तू भरव."

फुपी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. तिच्या हाताला कंप नव्हता.

"आपा," अम्मा म्हणाली, "राहू द्या. माझं काही अडलेलं नाही."

"माझं अडलंय," फुपी म्हणाली.

आत कुजबुज सुरू झाली. जैनबचाचीला राहवलं नाही. "आपा, तुम्हीच असं करायला लागलात तर... ती दुसरेपणाची बाई. कायदा आहे ताटाचा."

फुपी वळली. उंबऱ्यावर उभी होती ती, अर्धी उन्हात. आणि तिनं विचारलं, "बीबी फातिमांच्या अम्माजान आज या ताटाशी आल्या, तर त्यांना कोण उठवील?"

शब्दाला शब्द तेच होते. चाळीस वर्षं शिवलेल्या पानातले.

"बोल जैनब. कोण उठवील?"

जैनबचाची ओढणीचं टोक चाळवत राहिली.

"नाही ना सांगता येत," फुपी म्हणाली. "मलाही आलं नव्हतं."

मग रेहानाबाजी उठली. नवरीनं जागेवरून हलायचं नसतं, पण ती उठली, पिवळे कपडे गोळा करत ओसरीत आली आणि अम्माच्या पुढं मांडी घालून, लहानपणी बसायची तशी, तोंड उघडून बसली. अम्मानं घास उचलला. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर सुईचे दोन काळे ठिपके होते. उजवा हात तिनं पुढं केला. बाजीनं घास घेतला आणि चावायचं विसरूनच गेली. मग बाजीनं अम्माला भरवला. हलीमाबी आतून म्हणाल्या, "अगं, मला कुणी तिकडं न्या, इथं काय भिंतीबरोबर जेवू?" तेव्हा सगळ्याच हसल्या आणि हसता हसता एकेक ताट ओसरीत आलं. जैनबचाची सगळ्यात शेवटी आली. तिला अम्मानंच भरवलं. घास जरा मोठाच होता.

त्यानंतर आमच्या घरची सहनक ओसरीतच होत राहिली. त्या पानाबद्दल फुपी कधी बोलली नाही. अम्मा तर नाहीच. फुपी गेली त्या वर्षी माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर अम्मानं हिरव्या फडक्यातली वही माझ्या हातात दिली आणि तेव्हा सांगितलं, तेही रजईला टाके घालत, माझ्याकडं न बघता.

दस्तगीर मास्तरांची बायको बाळंतपणात गेली होती. फुपी तेव्हा पंचविशीची. हलीमाबींना पाठ होती ती कहाणी लिहून ठेवावी म्हणून अब्बांच्या अब्बांनी वही मास्तरांकडं दिली. हलीमाबी सांगत गेल्या, मास्तर लिहीत गेले. पण बीबी खदीजांचं पान हलीमाबींनी सांगितलेलं नव्हतं. ते मास्तरांनी आपल्या मनानं घातलं, कारण वही आधी कुणाच्या हातात पडणार हे त्यांना माहीत होतं. दौलतबीला थोडं मराठी वाचता येतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं तिला, शाळेच्या खिडकीतून, ती पाण्याला जाताना फळ्यावर मोठी अक्षरं काढून.

"मग तिनं नकार का दिला?" मी विचारलं.

"नाही कुठं म्हणाली? शिवून टाकलं फक्त. हो म्हटलं असतं तर ताटावरून उठावं लागलं असतं. तेव्हा सगळ्या तिलाच मानाच्या जागी बसवायच्या." अम्मानं दोरा ओढून घेतला. "आणि मास्तरांनी परत विचारलं नाही. गल्ली सोडून गेलेही नाहीत."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"टाक्यांनी," अम्मा म्हणाली. "आणि थोडं तिनं. शेवटच्या दुखण्यात."

हे सगळं मी काल दुपारी माझ्या लेकीला, अरीबाला सांगितलं. ती आता पाच वर्षांची आहे आणि झोपायचं नसलं की गोष्ट मागते. फुपीच्या हातच्या रजईखाली आम्ही दोघी होतो. मास्तरांचं मी सांगितलं नाही, ते तिला काय कळणार; पण ताट, ओसरी, पिवळ्या कपड्यांतली रेहानाखाला, आणि पहिला घास आपला आपण घ्यायचा नसतो, दुसरीनं भरवायचा, हे सांगितलं. तिनं वही मागितली. शिवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. एक बाजू जरा जास्त लाल आहे, ते तिच्या लगेच लक्षात आलं. मग वही माझ्या पोटावर ठेवून ती बोटं मोजत आडवी पडली.

"नानीनं खालाला भरवलं," ती म्हणाली. "खालानं नानीला."

"हो."

"नानीनं त्या भांडकुदळ चाचीला."

"हो. झोप आता."

"तुला?"

"मला बाजीनं."

"आंधळ्या नानीला?"

"मी."

तिची बोटं संपत आली. खिडकीतून ऊन पांघरुणावर आलं होतं. आता डोळे मिटतील असं वाटलं, म्हणून मी रजईच्या कडा दाबल्या. तिनं एक बोट तसंच उभं धरलं होतं.

"अम्मी, मग फुपीला कुणी भरवलं?"